इनव्हर्स नसलेला मॅट्रिक्स आणि तीन सारखी उत्तरं

मंडळी, मी इथे चंदीगडच्या एका कॉलेजात गणित शिकवते. आज टेस्टचे पेपर तपासताना मनात शंकेची पाल चुकचुकली.

प्रश्न होता, रो ऑपरेशन्स वापरून मॅट्रिक्सचा इनव्हर्स काढा, निघत नसेल तर तसं लिहा. मी मुद्दामच इनव्हर्स नसलेला मॅट्रिक्स दिला होता. पायऱ्या नीट केल्या की डावीकडची एक अख्खी ओळ शून्यांची होते, आणि तिथेच थांबायचं असतं.

तरी शेजारी बसलेल्या तिघींचा इनव्हर्स निघाला होता! आकडेही तेच, चुकाही त्याच.

त्यातली सिमरन हुशार. हिनेच दोघींना दाखवलं असणार, असं धरून मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"किसने किसका देखा?"

तिचे डोळे भरून आले. "मैंने देखा, मॅम. मेरी तो पूरी रो ज़ीरो आ रही थी. उन दोनों का आन्सर आ गया, तो लगा गलती पक्का मेरी ही है."

मी पेपर पुन्हा पाहिला. खाडाखोडीखाली शून्यांची ओळ होती, आणि पुढे 'इनव्हर्स नाही' असं लिहिलेलं.

"सही तो तुम ही थीं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे संशयानेच पाहिलं. "पक्का, मॅम?"

नक्कल केलेल्या उत्तराला मी शून्य दिलं, खोडलेल्या पायऱ्यांना मार्क दिले. पण तिचं ते 'पक्का?' काही डोक्यातून जात नाहीये.

दुसऱ्यांचं वेगळं आलं म्हणून आपलं बरोबर उत्तर तुम्ही कधी खोडलंय का?