आमचे ब्रॅम्बलशॉ

आमच्या घराण्याला फार मोठा इतिहास आहे. फक्त तो आमचा नाही, ब्रॅम्बलशॉ नावाच्या इंग्रज लॉर्डांचा आहे.

झालं असं, की माझे पणजोबा वसईहून महाबळेश्वरला एका ब्रॅम्बलशॉ साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी म्हणून गेले आणि परत येताना साहेबाचं सगळं खानदान डोक्यात भरून घेऊन आले. तेव्हापासून आमच्याकडे संध्याकाळची रोझरीची प्रार्थना आटोपली की ब्रॅम्बलशॉ सुरू! पहिल्या लॉर्डाने राजाचा घोडा नुसता धरून ठेवला म्हणून त्याला चार गावं मिळाली. तिसऱ्याने त्यातली दोन हंसांच्या शर्यतीत घालवली. (हंस की बदकं, यावरून माझ्या दोन काकांचं कायमचं फाटलं.) लेडी ऑगस्टा वाघ मारायला निघाली आणि तिने स्वतःचाच तंबू मारला! पाचवा लॉर्ड वर्षानुवर्षं बायकोशी बोलला नाही आणि ती गेल्यावर रोज तिच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत बसला. ही शेवटची गोष्ट सांगताना पपांना हसू आवरायचं नाही. माई, म्हणजे माझी आई, आतून ओरडायची, "पुरे आता, जेवण थंड होतंय!"

दोन हजार सोळा साली माई गेली. मी पपांना वसईहून उचलून कॅनडात, रिचमंड हिलला आणलं. बेसमेंटमध्ये त्यांना छान खोली करून दिली, हीटर दिला, मराठी चॅनल घेतलं. पपा मात्र दिवसभर खिडकीशी बसून शेजाऱ्यांचं बर्फ शोव्हल करणं बघायचे. सुरुवातीला त्यांनी माझ्या मुलीला, नॅटलीला, पहिला लॉर्ड सांगून पाहिला. "ग्रँडपा, आय हॅव होमवर्क!" म्हणून ती पळाली. पाचव्या लॉर्डाची गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही.

"पीटर, माझं तिकीट काढ," एके दिवशी ते म्हणाले.

"तिकडे कोण आहे, पपा? एकटे काय कराल?"

"इथे चार माणसांत एकटा आहे, ते जास्त लागतं."

मलाही माईची आठवण यायची, वसईच्या घराच्या ओट्यावर बसून बदकांवरून भांडणाऱ्या काकांची यायची. पण मला विंटर टायर्स बदलायचे असायचे, त्यामुळे मी ती पुढे ढकलायचो.

आणि मग नाताळानंतरच्या रविवारी, मिसा संपल्यावर, चर्चच्या हॉलमध्ये कॉफी वाटणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंच्या छातीवरच्या बिल्ल्यावर मी नाव वाचलं. मिसेस ब्रॅम्बलशॉ! मी काही विचारलं नाही, चौकशी केली नाही, थेट पुढच्या शनिवारी जेवायला बोलावलं.

"अरे, कोण, कुठल्या, एवढं तरी कन्फर्म करायचंस!" माझी बायको लीना म्हणाली.

"वसईत डिमेलो ढिगाने सापडतील. ब्रॅम्बलशॉ ढिगाने नसतात!"

पपांना सांगितलं तर ते खिडकीपासून उठले. उठले ते शनिवारपर्यंत बसलेच नाहीत. लग्नातला सूट निघाला. मेनू ठरला: उकडलेला कोबी, उकडलेला बटाटा, बिनमसाल्याचं रोस्ट आणि शेवटी रम ओतून पेटवलेलं पुडिंग. साहेबाकडे ते दिवे मालवून, पेटतं मिरवत आणायचे म्हणे. लीनाने गुपचूप आमच्यासाठी बोंबलाचं कालवण करून ठेवलं. "आपण माणसं आहोत, आपण मागाहून जेवू," ती म्हणाली.

"मागाहूनच!" पपा म्हणाले. "ब्रॅम्बलशॉ जेवत असताना आपण बसायचं नाही. माझ्या आजाचा नियम आहे."

"पपा, हे कॅनडा आहे!"

"नियम आजाचा आहे, कॅनडाचा नाही."

शनिवारी बाई आल्या. पपांनी कमरेत वाकून त्यांचा कोट घेतला. टेबलावर एकच ताट. बाईंच्या खुर्चीमागे पपा, डावीकडे मी, उजवीकडे लीना, दाराशी नॅटली, सगळे उभे! बाईंनी कोबीचा एक घास घेतला आणि आमच्याकडे पाहिलं.

"तुम्हा सगळ्यांचा उपास आहे का?"

"नाही, मॅडम. आपण जेवा."

बाईंनी दुसरा घास घेतला. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, (या घरात उभ्यानेच जेवतात आणि आपण मात्र फतकल मारून बसलोय, असंच वाटलं असणार!) त्या ताट हातात घेऊन उभ्या राहिल्या. पपा घाबरले. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, बाई मागे सरकल्या. पपा पुन्हा पुढे, बाई पुन्हा मागे. अशी दोघांची टेबलाभोवती अर्धी प्रदक्षिणा झाली.

परिस्थिती सावरावी म्हणून मी म्हटलं, आता पुडिंग आणावं. दिवे मालवले. रम किती ओतायची हे पपांनी सांगितलं होतं, पण थोड्याशा रमवर लॉर्ड कसे खूश होणार? मी अर्धी बाटली ओतली आणि काडी लावली. पुडिंग पेटलं. मग माझी बाही पेटली. मी ताट वर उचललं (का, ते आजतागायत कळलेलं नाही), तर वर टांगलेला नाताळचा कागदी तारा पेटला. तो पपांनी बेसमेंटमध्ये बसून वसईच्या पद्धतीने काड्या बांधून केला होता. स्मोक अलार्म किंचाळायला लागला. लीनाने माझ्यावर आणि पुडिंगवर पाण्याचं भांडं रिकामं केलं आणि आम्ही सगळे बर्फात, ड्राइव्हवेवर!

थंडीत कुडकुडत पपा म्हणाले, "मॅडम, माफ करा. माझ्या आजाने आपल्या घराण्यात एकही पुडिंग जाळलं नाही."

"कुठल्या घराण्यात?" बाईंनी विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. बाई मूळच्या विनिपेगच्या, माहेर युक्रेनियन शेतकऱ्यांचं. नवरा फ्रँक इथल्याच, कॅनडातल्या विंडसरला पावाची गाडी चालवायचा. त्याचे आजोबा इंग्लंडच्या अनाथाश्रमातून लहानपणी इकडे पाठवलेले. आश्रम ज्या गल्लीत होता, त्या गल्लीचं नाव त्यांना चिकटवलं होतं. ब्रॅम्बलशॉ!

मी पपांकडे बघितलं नाही. हिंमतच झाली नाही. आता तिकीट काढावं लागणार, एवढंच डोक्यात होतं.

पपांनी सुटाचं बटण सोडलं. मग त्यांनी विचारलं, "मग मी बसू का?"

आत येऊन ते बसले. लीनाने मुकाट्याने बोंबलाचं कालवण आणि भात आणला. बाईंनी बोटांनी काटे काढत जेवायला सुरुवात केली आणि म्हणाल्या, "फ्रँकला आयुष्यभर आपलं कुणीतरी हवं होतं. सगळीकडे शोधलं त्याने. एक गोष्टसुद्धा मिळाली नाही. तुमच्याकडच्या सांगा ना. तो असता तर सगळ्या आपल्याच म्हणाला असता."

पपांनी सांगितल्या. घोडा, हंस, तंबू. पाचव्या लॉर्डापाशी आले आणि थांबले. "माझी बायको सहा महिन्यांपूर्वी गेली," ते म्हणाले. "मी पण बोलतो खुर्चीशी."

"मी गाडीशी बोलते," बाई म्हणाल्या. "तो गाडीतच जास्त असायचा."

दोघं रडले, आणि मग पुन्हा भात घेतला. पपा हात धुवायला गेले तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुमच्या त्या पणजोबांचं नाव काय?"

मी तोंड उघडलं. लॉर्ड हवा तो सांगितला असता. "पपा!" मी मोरीकडे तोंड करून ओरडलो, "तुमच्या आजाचं नाव काय?"

"इनास," आतून आवाज आला. मग पपा ओल्या हातांनीच बाहेर आले. "कुणी विचारलं?" आणि खाली बसून त्यांनी इनासची गोष्ट सुरू केली. घरासाठी जीव तुटायचा म्हणून तो साहेबाच्या सुपात चोरून सुकट घालायचा, ही गोष्ट! आम्ही कुणीही ती ऐकली नव्हती. नॅटलीसुद्धा दाराशीच खाली बसून ऐकत होती.

तिकिटाचं आता मार्चमध्ये बघू, असं पपांनीच परस्पर ठरवलं. मिसेस ब्रॅम्बलशॉ पुढच्या शनिवारीही येणार होत्या.

त्या संध्याकाळी माझा ऊर भरून आला होता. हाताला बँडेज बांधून घेत मी नॅटलीला म्हटलं, "तू मोठी झालीस की तुझ्या मुलांना माझ्याबद्दल काय सांगशील?"

तिने फोनवरून मान वर केली नाही. "दॅट यू सेट युवरसेल्फ ऑन फायर, डॅड."

चला, इतिहासात माझी सोय झाली!