बेल आयलंड : पाणबुडीनं जहाजं बुडवली त्या किनाऱ्यावर, पप्पांबरोबर

वसईहून काकीचा फोन आला, म्हणून आम्ही बेल आयलंडला गेलो. डॉक्टरांनी तिला थोडेच महिने सांगितलेत. त्याआधी चर्चच्या सिमेट्रीत आमच्या घरच्या दगडावर तिच्या नवऱ्याचं, इनासकाकाचं, नाव कोरलेलं तिला बघायचंय. काका मालवाहू जहाजावर कुक होता. मी जन्मायच्या आधी ते जहाज एका बंदरातून निघालं आणि पुढच्या बंदरात पोचलंच नाही. पप्पा थोरले, त्यांच्या होकाराशिवाय दगडाला हात लागत नाही. त्यांचं एकच : "मयत बघितल्याशिवाय नाव नाही."

मला वाद घालता येत नाही. मी न्यूफाउंडलंडची दोन तिकिटं काढली.

टोरांटोहून सेंट जॉन्सपर्यंत विमानानं तीनेक तास. भाड्याची गाडी आधीच बुक करा, उन्हाळ्यात मिळत नाही. बेल आयलंडची फेरीबोट सुटते तो पोर्तुगाल कोव्हचा धक्का तिथून जवळच आहे. मी फेरीच्या तीन तास आधी पोचलो. तुम्ही तासभर आधी गेलात तरी चालेल. वारा सुटला की फेरी बंद पडते, म्हणून परतीचं विमान त्याच दिवशी ठेवू नका. धक्क्यावर फिशकेक बरे मिळतात. पप्पांना मीठ कमी वाटलं.

पप्पांचं जाड जॅकेट बघून फेरीवरचा माणूस म्हणाला, "हिवाळा सोबत आणलात का?"

"तुमचा जुलै बघून आणला," पप्पा म्हणाले.

बेटावर लोखंडाची खाण होती. दुसऱ्या महायुद्धात इथलं खनिज भरायला जहाजं नांगर टाकून उभी असत. एका जर्मन पाणबुडीनं दोन बुडवली, तरी पुढची येत राहिली. दोनच महिन्यांनी, २ नोव्हेंबर १९४२च्या पहाटे, यू-५१८ ही दुसरी पाणबुडी आत शिरली. तिचा एक टॉर्पेडो चुकून बेटाच्या धक्क्यावर फुटला, बाकीच्यांनी आणखी दोन जहाजं बुडवली. ती अजून तळाशी आहेत.

बेटावरच्या लान्स कोव्हला मेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. एक बाई त्याच्याभोवतीचं गवत कापत होत्या. त्यातलं एक नाव त्यांच्या काकांचं.

"सापडले?" पप्पांनी विचारलं.

"नाही."

"मग नाव कसं घातलं?"

बाईंनी कात्री खाली ठेवली. "आजी मरेपर्यंत रोज पाण्याकडे बघत बसायची. दगड ती गेल्यावर झाला. आम्हाला उशीर झाला."

पप्पांनी दगडावरची नावं एकेक करून वाचली. मग मला विचारलं, "त्या पाणबुडीचं काय झालं?"

"बावीस एप्रिल पंचेचाळीसला बुडवली. छप्पन्न माणसं. एकही वाचला नाही."

"त्यांच्याही घरी वाट बघितली असेल."

पप्पांनी क्रूसाची खूण केली. परतीच्या फेरीवर ते आतच बसले, समुद्राकडे पाठ करून.

टोरांटोजवळ रिचमंड हिलला घरी आल्यावर जॅकेटही न काढता त्यांनी काकीला फोन लावला. "नाव घाल."

काकी म्हणाली, "जन्मतारीख आहे माझ्याकडे. दुसरी काय घालू, भावोजी?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. पाणबुडीचा एकेक दिवस मला पाठ होता. काकाचं जहाज निघालं तो दिवस आणि पोचायला हवं होतं तो दिवस, यांत अठरा दिवस होते. मी नकारार्थी मान हलवली.

"रिकामी सोड," पप्पा म्हणाले.

"दगडवाला विचारेल."

"विचारू दे."

गेल्या आठवड्यात तिनं फोटो पाठवला. काकाचं नाव, जन्मतारीख, पुढं एक रेघ. रेघेपुढचा दगड कोरा आहे आणि त्यावर काकीनं हात ठेवलाय.