पेन्सिलवाले

"फुकटचं पचत नाही बघा काही जणांना!" सर माझा पेपर सगळ्या क्लाससमोर हलवत म्हणाले. "वही इंटिग्रेशन, वही गलती. हर संडे!"

क्लास खदाखदा हसला. मान खाली घालून मीही हसले. माझ्या त्या हसण्याची मला अजून चीड येते.

बारावीचं वर्ष. इंदूरच्या त्या क्लासात आम्ही चार-पाच जण फी माफीवाले. दर रविवारी इंजिनिअरिंग प्रवेशपरीक्षेचा मागच्या एखाद्या वर्षाचा गणिताचा पेपर सोडवायचा. वह्या वर्गाबाहेर ठेवायच्या, कच्चं कामही पेपरवरच. फीवाले पेनानं लिहायचे, पेपर घरी न्यायचे. आम्ही पेन्सिलनं. सर नुसती उत्तरं वाचून दाखवायचे, की आम्ही आमचं सगळं खोडून पेपर परत द्यायचा. पुढच्या फुकट्यांसाठी. वर सर म्हणायचे, "सफाई में अपना इंदौर नंबर वन है भिया! रबराचा कचरा झाडून जा."

आणि आम्ही झाडायचो. हो, झाडायचो!

अरे, पण चूक कुठे झाली ते मी बघू कशात? खोडलेल्या कागदात? विचारलं तर म्हणाले, "चूक तुझी, तूच शोध."

बाबा सांवेर रोडच्या कारखान्यात मशीनवर. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "जाऊ दे बेटा. आपलेच मराठी आहेत, उपकार करतायत."

उपकार! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

पुढच्या रविवारी बाबांच्या खिशातलं पेन नेलं. अख्खा पेपर पेनानं लिहिला. दाबून लिहिला.

"ये क्या किया तूने?" सर ओरडले. "आता हा दुसऱ्याच्या काय कामाचा?"

"माझ्या कामाचा आहे, सर."

"दिखा दी औकात! उद्यापासून येऊ नकोस."

पेपर घडी करून दप्तरात टाकला. रडले नाही.

घरी पेपर उघडला आणि चूक समोरच दिसली. मी सब्स्टिट्यूशन करून x च्या जागी t घ्यायचे आणि लिमिट मात्र जुन्या x चेच ठेवायचे. बस, एवढंच! यासाठी सगळ्यांदेखत माझी लाज काढली. आणि मोबाईलवर शोधलं तर कळलं, हे पेपर नेटवर सगळ्यांनाच फुकट आहेत. हा माणूस तेच आम्हाला दान म्हणून वाटत होता!

आता एकेक पेपर छापून आणते. पेनानं सोडवते. चुकते. चुकलेल्या ओळीला गोल करते, पुन्हा सोडवते. नंबर लागेल, नाहीतर नाही लागणार. पण माझ्या हातानं लिहिलेलं मी यापुढे कुणाच्या सांगण्यावरून खोडणार नाही. कुणाच्याही.