वहिनीसाठी निवडलेला कॅल्क्युलेटर

आमच्या डोंबिवलीच्या घरात कॉम्प्युटर आला, त्याचा पहिला खरा उपयोग माझ्या थोरल्या जावेला झाला. वहिनी कल्याणच्या एका शाळेत क्लार्क होती. वार्षिक निकालाच्या बेरजा वर्षानुवर्षं तीच करायची. त्या वर्षी शाळेतही कॉम्प्युटर आला, आणि नेमका तेव्हाच तिचा मोतीबिंदू वाढायला लागला. मुख्याध्यापकांनी सांगितलं, यंदा निकाल मशीनवर. झेपणार नसेल तर नव्या बाई करतील. निकाल गेला की वहिनीकडे फक्त दाखले आणि शिक्के उरणार होते.

म्हणून ती रविवारी आमच्याकडे सरावाला येऊ लागली. कॉम्प्युटरबरोबर मिळालेला कॅल्क्युलेटरचा प्रोग्राम पडद्यावर काडेपेटीएवढा दिसायचा. मी स्टेशनजवळच्या दुकानातून आणखी दोन कॅल्क्युलेटर फ्लॉप्यांवर आणले. नवऱ्याला त्यातला साइन, कॉस, लॉगवाला पसंत पडला.

"भावोजी, आमची सहावी ब अजून एवढी पुढे गेलेली नाही," वहिनी म्हणाली. पण आकडे मोठे दिसत होते, म्हणून तोच घेतला.

सरावाला तिने मागच्या वर्षीचा निकाल आणला होता. बेरजा ठाऊक होत्या, तरी तिचं उत्तर दर वेळी कमीच यायचं. शेवटी तिने चष्मा काढून ठेवला. "डोळे गेले गं माझे. देऊन टाकते त्या बाईंना."

मी दुसरी फ्लॉपी घातली. या कॅल्क्युलेटरमध्ये टाकलेला प्रत्येक आकडा बाजूच्या पट्टीवर, बिलासारखा, एकाखाली एक उरत होता. नवरा म्हणाला, हे तर किराणा दुकान झालं. मी लक्ष दिलं नाही. शाळेत ताडून बघतात तसं करायचं ठरवलं: वहिनीने कागदावरून मोठ्याने वाचत टाइप करायचं, मी पडद्यावर बघायचं.

ती म्हणाली एकाहत्तर; पट्टीवर सात. एकसष्ट, पट्टीवर सहा. वाचत बरोबर होती. मग मी तिच्या बोटांकडे पाहिलं. वहिनी ज्या जुन्या इंग्रजी टाइपरायटरवर शिकली, त्याला एक या आकड्याचं बटण नव्हतं. एकच्या जागी लहान एल मारायचे. बोट आपोआप तिकडे जात होतं, आणि कॅल्क्युलेटर अक्षर सोडून देत होता. टायपिस्टची नजर कागदावर, त्यामुळे तिला कळायचं कारणच नव्हतं.

"म्हणजे चूक डोळ्यांची नाही?"

"डोळ्यांचं ऑपरेशन करायचंच आहे. पण हे बोटांचं आहे."

वहिनीने कपाळावरची टिकली काढून एकच्या बटणावर चिकटवली आणि पुन्हा पहिल्या मुलापासून सुरुवात केली. या वेळी बेरीज जुळली.

निघताना तिने ती फ्लॉपी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. "उद्या सरांना सांगते, निकालाला मीच बसणार."

आणि बसली. ऑपरेशन निकाल लागल्यावर, मे महिन्यात झालं.