दाखल्यावरची बेबी गर्ल

अमेरिकेतल्या एका गावात एक मुलगी जन्मली होती, असं तिथल्या सरकारचं म्हणणं होतं. ती मुलगी मीच, असं आमच्या घरच्यांचं म्हणणं होतं. या दोन म्हणण्यांच्या मध्ये माझ्या आईबाबांचं पुढचं आयुष्य अडकलं होतं.

बाबा अमेरिकेत दोन वर्षं शिकायला गेले होते, तेव्हाचा माझा जन्म. मी सहा महिन्यांची असताना त्यांना बहारीनमध्ये नोकरी लागली आणि आईच्या भारतीय पासपोर्टात हातानं लिहिलेली एक ओळ होऊन मी इथे आले. त्यानंतर अमेरिकेचा विषय फक्त पाहुण्यांसमोर निघायचा. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले की बाबा म्हणायचे, "ही अमेरिकन सिटिझन बरं का." पाहुणे मला निरखून बघायचे, मी कुठून अमेरिकन दिसते ते शोधायचे. मी ट्रे ठेवून आत पळायचे.

आखाती युद्ध संपून तीन-चार वर्षं झाली आणि मीना सलमान बंदरातल्या ज्या वर्कशॉपमध्ये बाबा होते, तिथून कळवलं, की मार्चनंतर करार वाढणार नाही. नोकरी गेली की व्हिसा जाणार, व्हिसा गेला की सनाबिसचा फ्लॅट सोडायचा. परत जायचं तर कुठे, हा प्रश्न आमच्याकडे वीस वर्षांत कुणी मोठ्यानं विचारला नव्हता. मी नुकतीच एकवीस पूर्ण केली होती. एकवीस वर्षांची अमेरिकी नागरिक आईबापांसाठी अर्ज करू शकते, असं बाबांना कुणीतरी सांगितलं आणि चहाचा ट्रे आणणारी मुलगी बघता बघता कुटुंबाचा आधार झाली.

"अहो, आधी हिलाच तिकडे जाऊन राहावं लागणार ना?" आई म्हणाली. "कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये दूध मागायला मला पुढे ढकलते ही. ही अमेरिकेकडे आपल्याला मागणार?"

"आय कॅन टॉक," मी म्हणाले, पण हळू.

आईनं कपाटातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आमच्याकडे सगळे कायमचे कागद त्यात असतात. जन्माचा दाखला निघाला. जाड कागद, उठावाचा शिक्का, सगळं थाटाचं. नावाच्या जागी लिहिलं होतं: बेबी गर्ल, आणि पुढे आमचं आडनाव.

खालच्या मजल्यावरचे चाचा रत्नागिरीचे. मनामात अर्ज टाइप करून द्यायचं त्यांचं दुकान होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दाखला वाचला.

"भाऊ, ही कोण?"

"हीच की."

"अरे, रत्नागिरीत घरटी एक बेबी आहे. त्या सगळ्या चालल्या उद्या अमेरिकेला. आमच्यात सातव्या दिवशी अकीका, नाव पक्कं, खलास. तुम्ही काय करत होता?"

बाबा तेव्हा नावाची वाट बघत होते. आमच्या घरात नाव ठेवायचं ते आजोबांनी, हा नियम होता आणि त्याला कारण होतं. आजोबांचं स्वतःचं नाव गावातल्या कुणीतरी केरकचऱ्यावरून ठेवलं होतं. त्यांच्या भावाचं त्याहून वाईट. धम्मदीक्षेनंतर त्यांनी ठरवलं, की या घरातल्या पोरांची नावं आता घरातच ठरतील, आणि ती विचार करून. म्हणून जन्माची तार गेली, मागोमाग बाबांचं पत्र गेलं, आणि हॉस्पिटलमधल्या नोंदणीवाल्या बाई रोज फॉर्म घेऊन खाटेशी यायला लागल्या. "नाव?" त्या विचारायच्या. "गावाहून येतंय," बाबा सांगायचे. चौथ्या दिवशी बाईंनी त्यांना सुचलं ते लिहून टाकलं. नाव पोचलं पाच आठवड्यांनी. तोवर दाखला तयार झाला होता, आणि सरकारी कागद पुन्हा उघडतात हे बाबांच्या स्वप्नातही नव्हतं.

अमेरिकन वकिलातीत गेलो. खिडकीमागच्या केरळी बाईंनी दाखला बघितला, मग मला बघितलं. "यू आर दिस बेबी?" मी मान हलवली. "लाउडर प्लीज." मी मानच जोरात हलवली.

त्यांनी यादी दिली. जन्माच्या वेळचा एखादा जुना कागद हवा, ज्यात हे बाळ आणि हे नाव एकत्र आहेत. उदाहरणार्थ, बाप्तिस्म्याचा दाखला.

घरी येऊन बाबांनी अमेरिकी सरकारला तीन पानी निवेदन लिहिलं. त्यात नामकरण म्हणजे काय, भन्ते म्हणजे कोण, आणि अमेरिकेतल्या त्या गावात भन्ते न मिळाल्यानं आईनंच त्रिसरण कसं म्हटलं, हे सगळं होतं. चाचांनी ते टाइप केलं आणि म्हणाले, "भाऊ, झकास आहे. पण यात तुमच्याशिवाय साक्षीदार कोण?"

"बुद्ध," आई म्हणाली. "त्यांना बोलवा मनामात."

मग ती उठली आणि डब्यात तळाशी अंथरलेला कागद ओढून काढला. डब्याचा गंज लागू नये म्हणून तिनं वीस वर्षं ज्यावर आमची कागदपत्रं ठेवली होती, ते आजोबांचं आंतरदेशीयासारखं दिसणारं निळं हवाईपत्र होतं. वर पोस्टाचा शिक्का, तारखेसकट. पत्ता अमेरिकेचा.

दुसऱ्या खेपेला आतून अमेरिकन अधिकारी आला. तरुण होता, बाह्या दुमडलेल्या. त्यानं पत्र उलटसुलट केलं. रीतसर भाषांतर नंतर लागेलच, पण आत्ता यात काय म्हटलंय तेवढं सांगा, म्हणाला. बाबांनी पत्र हातात घेतलं. तीन पानी इंग्रजी लिहिणाऱ्या माणसाला आजोबांच्या अक्षरातली पहिली ओळही वाचता येईना. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

मराठी मला समजतं, पण वाचते मी अडखळत. बोट ठेवून एकेक शब्द लावला आणि काचेतल्या भोकात तोंड घालून इंग्रजीत सांगत गेले. मुलीचं नाव मी ठेवतो आहे. मग नाव. मग त्याचा अर्थ. मग असं होतं: "आमची नावं दुसऱ्यांनी ठेवली. ज्याला जे फेकायचं ते त्यानं आमच्यावर फेकलं. दवाखान्यातल्या बाई घाई करत असतील तर त्यांना नम्रपणे सांगणे, की आम्ही फार वर्षं थांबलो आहोत. अजून थोडे दिवस थांबू."

"लाउडर," कुणीतरी म्हणालं. काचेमागच्या बाई नव्हत्या, रांगेतला मागचा माणूस होता. त्याला पुढचं ऐकायचं होतं. मी ते वाक्य पुन्हा सांगितलं, त्याला ऐकू जाईल असं.

अधिकारी म्हणाला, हे पत्र आणि आईवडिलांची ॲफिडेव्हिट जन्मगावी पाठवा, ते दाखल्यात नाव घालतील. मग पासपोर्ट. मग अर्ज. त्याच्या तोंडून ते एका दुपारचं काम वाटलं. पाच महिने लागले. पाच महिने बाबा रोज पोस्टाची पेटी बघून येत होते, आणि आई रोज विचारत होती, "आली का तुमची बेबी?"

आली. नव्या दाखल्यावर आजोबांनी दिलेलं नाव होतं. त्यावर माझा पासपोर्ट झाला आणि आईबाबांचा अर्ज भरायला आम्ही चाचांच्या दुकानात बसलो. करार संपायला सात आठवडे होते. माझं नाव, जन्मस्थान, नागरिकत्वाचा पुरावा, सगळं भराभर झालं. मग एक रकाना आला: याआधी वापरलेली इतर नावं.

"नाही लिही," बाबा म्हणाले. "पुन्हा विचारत बसतील."

"यल्ला, चल पोरी, मी पुढे जाऊ?" चाचांची बोटं टाइपरायटरवर थांबली होती.

"नको चाचा. बेबी गर्ल टाका," मी म्हणाले. मराठीत म्हणाले, म्हणून असेल, पण बाबांनीच चाचांना टाका म्हणून खूण केली.

खिडकीवर त्याच केरळी बाई होत्या. त्यांचं बोट त्या रकान्यावर थांबलं. "बेबी गर्ल?"

"यस," मी म्हणाले. त्यांना लाउडर म्हणावं लागलं नाही. त्यांनी शिक्का मारला, पावती फाडली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.