मुदत संपलेल्या रिळावरचा डोंगर

एटापल्लीच्या बसस्टँडमागे भाऊंचा फोटो स्टुडिओ आहे. गिऱ्हाइकांचे पासपोर्ट फोटो ते डिजिटलवर काढतात. स्वतःसाठी मात्र वडिलांचा जुना कॅमेरा आणि मुदत कधीच संपलेली रंगीत स्लाइडची रिळं. ती फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीशेजारी असतात. फोटो काढताना ते कुणाला "हसा" म्हणत नाहीत. "श्वास सोडा" म्हणतात.

दरवर्षी दिवाळीनंतर मी त्यांना मोटारसायकलवर सूरजागडच्या रस्त्याला नेतो. ठरलेल्या मोहाच्या झाडाखाली उभं राहून ते समोरच्या डोंगराचा एकच फोटो काढतात. रीळ शिळं, त्यामुळे डोंगर जांभळट येतो.

"भाऊ, मोबाईलनं काऊन नाई काढत?" मी एकदा विचारलं.

"मोबाईल बिघडलेलं बी चांगलं करून दाखवते, मास्तर. मले तसं नाई पायजे."

यंदा त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, पण बटण दाबलं नाही. खिशातून पहिल्या वर्षीची पारदर्शक स्लाइड काढली. एक डोळा मिटून ती समोर धरली आणि पुढेमागे करत खऱ्या डोंगरावर बसवू लागले. पायथा जुळला. माथा जुळेना, कारण तो खाणीत गेला होता. स्लाइडमधल्या माथ्यामागे आता प्रत्यक्षात नुसतं आभाळ होतं.

त्यांनी स्लाइड माझ्या हातात दिली, माझं मनगट धरून ती डोंगरासमोर नीट लावली आणि दोन पावलं मागे जाऊन पुन्हा कॅमेरा उचलला.

"हात हालवू नोका, मास्तर," ते म्हणाले. "श्वास सोडा."