सिंधूबाईच्या अंगातले दोरे

साखरा गावच्या सिंधूबाईने जन्मभर मेंढरांचे गोचीड काढले. मेंढीचा कान उलटा करून गप्पा मारता मारता गोचीड उपटायचा, रॉकेलच्या डब्यात टाकायचा आणि त्याच हाताने नवऱ्याला चहा द्यायचा. सटवाजी कुरकुरायचा, पण चहा प्यायचाच.

दोनेक वर्षांपूर्वी तिच्या हातांवर फोड उठले. खाजवून खाजवून जखमा झाल्या आणि त्यांतून काळे-निळे बारीक दोरे निघतात, असं ती सांगू लागली. काडेपेटीत भरून ते तिने एका डॉक्टरला दाखवले. "घोंगडीचे धागे आहेत, मावशी. तुमच्या मनाचे खेळ," म्हणून त्याने तिला वाटेला लावलं. मग गावानेही तिला वेड्यात काढलं. गावाला काय, फुकटची करमणूक! दोरे कुठले का असेनात, खाज तर खरी होती ना?

एकुलती एक लेक सुकन्या कनेरगाव नाक्याला दिलेली, तिला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण तिची सासू पारुबाई त्या जखमा पाहून तोंडावरच बोलली, "हात बरे झाल्याबिगर आमी पोरीला धाडणार न्हाई."

सिंधूबाईने हिंगोलीची डॉक्टरीणबाई गाठली. ती बिचारी खरं ते बोलली. "काही जण म्हणतात, गोचीड चावून होणाऱ्या आजाराशी याचा संबंध असावा. काहींना ते पटत नाही. नक्की अजून कुणालाच ठाऊक नाही. पण शिवल्याने हे पसरत नाही. नखं लावू नका, मलम लावा, पुन्हा दाखवायला या."

एवढ्यातला एकच शब्द सिंधूबाईने पदरात बांधून आणला, गोचीड. त्याचं औषध तर घरातच होतं, मेंढरं धुवायचं! सटवाजी कळप घेऊन रानात गेल्यावर तिने ते बादलीत कालवलं आणि काथ्याने कोपरापर्यंत हात घासले. आग आग झाली, तरी घासत राहिली. मेंढराला गुण येतो तर माणसाला का येऊ नये, असं तिला वाटलं.

सटवाजी परतला तेव्हा औषधाचं विष अंगात भिनून ती ओकून ओकून अंगणात पडली होती. हातांची सालटी निघाली होती.

"अगं, काहून केलंस हे?"

"सुकी येणार न्हाई ना मंग," ती पुटपुटली.

दवाखान्यात ती वाचली. सुकन्या सासरीच बाळंत झाली.

बाळ माणसाकडे बघून हसायला लागलं, तेव्हा सुकन्या सासूशी भांडून त्याला घेऊन आली. "म्या सोता डॉक्टरीणबाईला इचारलं, आई. शिवल्यानं काई होत न्हाई. घे तुझा नातू."

सिंधूबाईचा जीव तुटत होता. तिने दोन्ही हात पदराखाली लपवले आणि भिंतीपर्यंत मागे सरकली.

"नगं बाई. ती डॉक्टरीण म्हनली ना, नक्की कुनालाच ठावं न्हाई. लेकराला काई झालं तर? तूच धर. मी हितूनच पाहून राहिले."

सुकन्या बाळ पुढे धरून उभी राहिली. तिचे हात भरून आले, पण आईने काही त्याला घेतलं नाही.